मदत हवी आहे: बेस जोरात छेडला की आवाज भरण्याऐवजी पोकळ का होतो?

नमस्कार मंडळी,

बेस गिटार हातात घेऊन तीन वर्षं झाली. त्याआधी बरीच वर्षं साधी गिटार वाजवायचे, तीही पिकने आणि दणकून. त्यामुळे हात मुळातच जड आहे.

हळू वाजवलं की माझ्या बेसचा आवाज छान गोल येतो. पण ड्रमवाला रंगात आला की माझाही हात चढतो, आणि आवाज नेमका तिथेच दगा देतो. पुढे तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटल्याचा 'ठक्क' ऐकू येतो आणि त्याच्या मागे सूर म्हणून काही उरतच नाही. कधी कधी त्यात एक 'फर्र' अशी फाटकी किनारही येते. बँडमधल्या एकाने परवा सांगितलं, "तू वाजवतेयस हे कळतं, काय वाजवतेयस ते कळत नाही." लागलं हो ते मला.

करून पाहिलेले उद्योग: ॲम्पवरचा बेसचा नॉब वाढवला, तर खोली घुमायला लागली आणि सूर आणखीच हरवला. नव्या तारा चढवल्या, 'ठक्क' अधिकच चकचकीत झाला. एकाचा कॉम्प्रेसर पेडल (मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा) उसना आणला, तर सगळ्यावर उशी दाबून धरल्यासारखं वाटलं.

बेस चार तारांचा, तारेची लांबी ३४ इंच, दोन सिंगल कॉइल पिकअपचा (तारेची थरथर पकडणारी चुंबकं), ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असलेला. तारा राउंडवाउंड (खरबरीत, चकचकीत आवाजाच्या), जाडी ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग). बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची जेमतेम दीड मिलीमीटर. बोटं पळावीत म्हणून मीच कमी करून घेतली होती. छेडते ती फिंगरबोर्डच्या कडेपाशी, कारण तिथे आवाज सगळ्यात गुबगुबीत येतो.

एक विनंती. 'हळू वाजवा आणि ॲम्प वाढवा' हा सल्ला नको. मला तो ठाऊक आहे, पटतोही. पण जोरात छेडलेल्या तारेत जी चीड असते ती मला हवी आहे, आणि तिच्या खाली जाडजूड सूरही हवा आहे. हे दोन्ही एकत्र मिळतं का?

नुसताच_वाचक

हळू वाजवा आणि ॲम्प वाढवा.

(क्षमस्व, राहवलं नाही.)

मंद्र

ॲक्टिव्ह आहे म्हणताय, तर बाकी सगळं राहू दे, आधी बॅटरी बघा. शेवटची कधी बदलली होती? ९ व्होल्टची बॅटरी उतरली की हळू वाजवताना काही कळत नाही, पण जोराचा सूर आला की आतल्या प्रीॲम्पला तेवढी जागा मिळत नाही आणि लाटेचे शेंडे छाटले जातात. ती 'फर्र' मला त्याचीच वाटते. आणि वाजवून झाल्यावर केबल बेसमधून काढता ना? बहुतेक बेसमध्ये केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी चालू राहते.

खालचा_सा (धागाकर्ती)

केबल... नाही काढत. :( बॅटरी मोजली, ७.१ व्होल्ट भरली. नवी घातली. 'फर्र' पार गेली, मंद्र, तुमचे आभार! पण 'ठक्क' आणि पोकळपणा जसाच्या तसा आहे.

जाडतार

दोन दुखणी होती, त्यातलं एक गेलं. दुसऱ्यासाठी एक काम करा. बेस थेट रेकॉर्ड करा, मध्ये पेडल नको, ॲम्प नको. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी आधी तुमच्या नेहमीच्या 'हळू' हाताने, मग 'चढलेल्या' हाताने वाजवा. प्रत्येक सूर चांगला दोन सेकंद धरा. मग स्क्रीनवर लाटेकडे बघा: सुरुवातीचा शेंडा किती आणि पाव सेकंदानंतर अंग, म्हणजे मागे उरलेला सूर, किती. कानाने यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, माझा स्वतःचा कान मला कैक वेळा फसवून गेला आहे.

खालचा_सा (धागाकर्ती)

केलं. हळू हाताला शेंडा उणे १० डीबी (शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा), पाव सेकंदानंतर उणे १७. चढलेल्या हाताला शेंडा उणे २, आणि पाव सेकंदानंतर उणे १५. दोनदोनदा तपासलं. म्हणजे मी एवढा घाम गाळते त्यातून सुरुवात ८ डीबीने वाढते आणि सूर फक्त २ने?

जाडतार

तेच. तुमचा जोर सुरापर्यंत पोचतच नाहीये, फ्रेट वाटेत खाऊन टाकतायत.

तार सुटली की तिला झुलायला जागा लागते, आणि जितक्या जोरात ओढाल तितकी जास्त. दीड मिलीमीटरच्या उंचीत ती जागा फार थोडी आहे. एका मर्यादेपुढे तार फ्रेटवर आदळते, तिची ताकद त्या 'ठक्क'मध्ये संपते आणि उरतं ते तेवढंच, जेवढं फ्रेट झुलू देतात. त्यानंतर दुप्पट जोर लावा की चौपट, 'ठक्क' वाढेल, सूर वाढणार नाही. ॲम्पला आणि पेडलला मात्र तो शेंडाच आधी दिसतो. त्याला जागा देण्यासाठी तुम्ही एकंदर आवाज खाली ठेवता आणि अंग आणखी दबतं. पोकळ वाटतं ते यामुळे.

मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसन याचं उदाहरण सगळे देतात, पण तो एकाच बोटाने छेडायचा एवढंच लोक लक्षात ठेवतात आणि त्याचा बेस विसरतात. जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा आणि चांगली उंच ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, होती त्याची. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस बोटांनी केवढ्या ताकदीने वाजवतो, त्याच्याही तारा फ्लॅटवाउंड आणि जाड, ५० ते ११०. जड हाताला जड तार लागते.

तेव्हा आधी मानेचा बाक बघा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते तिथे एकदम दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट बघा. साधारण ०.३ मिलीमीटर हवी. अजिबात फट नसेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली बाक ठरवणारी सळई) सैल करायचा, एका वेळी पाव फेरा, पुन्हा सुरात लावून थोडं थांबायचं, मग पुढचा निर्णय. त्यानंतर ब्रिजवरून (धडावर तारा जिथे टेकतात तिथून) ई तार बाराव्या फ्रेटवर सव्वादोन ते अडीच मिलीमीटरपर्यंत उचला. उंची बदलली की इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) पुन्हा लावावं लागेल, ते विसरू नका.

मंद्र

जाडतार, सगळं मान्य. पण तिने छेडायची जागा बदलू नये असं मला वाटतं. भरीवपणा फिंगरबोर्डच्या कडेलाच असतो, ब्रिजकडे सरकलं की आवाज नाकात बोलायला लागतो.

जाडतार

हळू हाताला तुमचं शंभर टक्के खरं. जोराच्या हाताला उलटं होतं. तार ८६४ मिलीमीटरची धरा. ब्रिजपासून २१६ मिलीमीटरवर, म्हणजे लांबीच्या पावावर, जेवढ्या जोराने ओढाल तेवढ्याच जोराने ८६ मिलीमीटरवर ओढा. तार निम्म्याहूनही कमी सरकेल, कारण ब्रिजपाशी ती ताठ लागते. ती कमी झुलते, फ्रेटवर कमी आदळते, आणि हाताला हवा असलेला विरोध मिळतो. तुम्ही म्हणता तो नाकातला आवाज येतो, नाही कसा, कारण मूळ सूर त्या मानाने कमी आणि वरचे स्वर जास्त उठतात. म्हणून अगदी ब्रिजला चिकटायचं नाही. दोन पिकअपच्या मधोमध बोटं ठेवून बघा.

आणखी एक गंमत: बोट तिथेच ठेवून तुम्ही वरच्या फ्रेटवर गेलात की छेडायची जागा आपोआप तारेच्या मध्याकडे सरकते. पाचव्या फ्रेटवर उरलेली तार ६४७ मिलीमीटर, तिथे तेच २१६ मिलीमीटर म्हणजे एक तृतीयांश. म्हणून वरच्या सुरांना छेडणारा हात आणखी मागे, ब्रिजकडे, न्यायला शिकावं लागतं.

फेडरवाला

मी रेकॉर्डिंगवाला, बेसवाला नव्हे, तर माझी भर तेवढ्यापुरती. एक तर बोटाची दिशा. व्हिडिओ काढून बघा, बोट तारेखाली घालून तार वर उचलता का? उचलत असाल तर तार सुटून थेट फ्रेटवर येते, मग उंची कितीही वाढवा. बोट तारेला आडवं ओलांडून पलीकडच्या तारेवर टेकलं पाहिजे. ए छेडली की ई वर, ई छेडली की अंगठ्यावर.

दुसरं, उशी. उसन्या कॉम्प्रेसरचा अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ; रिलीज म्हणजे सुटायला लागणारा) अगदी जलद ठेवला असणार. मोकळ्या ई तारेची एक लाट २४ मिलिसेकंदांची असते, सूर ४१ हर्ट्झचा. त्याहून खूप जलद अटॅक आणि जलद रिलीज ठेवला तर कॉम्प्रेसर सुराऐवजी लाटेमागेच धावतो. अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज दीडशेच्या आसपास, रेशो (दाबाचं प्रमाण) ४ ला १, आणि फक्त जोराच्या सुरांवर ४ ते ६ डीबी दाब. पण हे बेस नीट केल्यावर. आज लावलात तर कॉम्प्रेसर खाली नसलेला सूर कुठून आणणार?

आणि तो बेसचा नॉब खाली करा. जाडी ८० ते २५० हर्ट्झमध्ये ऐकू येते. ४० हर्ट्झखाली वाढवलेलं सगळं ॲम्पची ताकद खातं, कानाला काही देत नाही.

खालचा_सा (धागाकर्ती)

आठ दिवसांनी परत आले.

व्हिडिओ पाहून लाज वाटली, मी तार उचलतच होते. गिटारची सवय असणार. तीन दिवस नुसतं बोट पलीकडच्या तारेवर टेकवायचा सराव केला. मानेत फट जवळपास नव्हतीच, दोन वेळा पाव-पाव फेरा दिला. ई आता २.३ मिलीमीटरवर आहे. तारा ५० ते ११० चढवल्या, फ्लॅटवाउंड मात्र नाही, त्या चकाकीवाचून मला करमत नाही. बोटं दोन पिकअपच्या मध्ये.

तोच जी, तसाच रेकॉर्ड केला. चढलेल्या हाताला शेंडा उणे ५, पाव सेकंदानंतर उणे ११. शेंडा खाली आला आणि सूर वर! कॉम्प्रेसर अजून लावलेलाच नाही. काल बँडबरोबर वाजवलं, तो 'कळत नाही' म्हणणारा काही बोलला नाही, म्हणजे कळत असावं.

दोन तक्रारी उरल्यात. उजव्या तर्जनीला फोड आलाय, तो माझा मी बघेन. पण ई आणि ए जाड झाल्यावर सगळ्यात बारीक 'जी' तार त्यांच्यापुढे केविलवाणी वाटते. तिचं काय करू?

नुसताच_वाचक

तेवढी एक तार जोरात वाजवा.

जाडतार

या वेळी वाचकबुवांचं अर्धं बरोबर आहे. :) पण आधी पिकअपचे स्क्रू बघा. तारा वर गेल्या म्हणजे पिकअप आपोआप लांब गेले. शेवटचा फ्रेट दाबून मोजा, ई च्या बाजूला साधारण ३ मिलीमीटर ठेवा, जी च्या बाजूला २ च्या जवळ आणा, आणि दोन्ही पिकअपचं वेगवेगळं ऐका. जी ला त्याहून जवळ नेऊ नका, चुंबक तार ओढायला लागलं की वरच्या फ्रेटवर सूर लहरायला लागतो.

खालचा_सा (धागाकर्ती)

स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेच आहे. नेक पिकअपला जी च्या बाजूला चार मिलीमीटर निघाले!