शब्दचर्चा: सागरी बर्फाला ‘हिमनग’ म्हणावे का?

उदधी
क्रिस्टिन लेड्रे आणि सहकाऱ्यांचा आग्नेय ग्रीनलंडमधल्या ध्रुवीय अस्वलांवरचा २०२२ चा निबंध मराठीत आणायचा, तर शब्द पहिल्याच परिच्छेदात अडतात. तिथल्या फियॉर्डांमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या अरुंद खाड्यांमध्ये, वर्षातले २५० हून अधिक दिवस सागरी बर्फ नसतो. तरी काही शे अस्वलं टिकून आहेत, कारण हिमनद्यांमधून तुटून पडलेल्या बर्फावर उभं राहून ती सीलची शिकार करतात. आता दोन्ही बर्फांना ‘हिमनग’ लिहिलं की शोधच गायब! काय करावं?

मीठभाकर
जन्मावरून नाव द्या. हिमनग जमिनीवरचा: वर्षानुवर्षं पडलेलं हिम दाबलं जाऊन हिमनदी होते, तिचा समुद्रात सुटलेला तुकडा म्हणजे हिमनग. सागरी बर्फ हा समुद्राचंच पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठून झालेला.
‘गोडा बर्फ’ आणि ‘खारा बर्फ’ ही जोडी कानाला छान वाटते, पण वापरू नका. गोठताना मिठाचं पाणी बारीक नळ्यांमध्ये अडकतं आणि हळूहळू खाली निथळतं. काही उन्हाळे काढलेला सागरी बर्फ जवळजवळ गोडाच असतो.
हिमनदीच्या तोंडाशी हिमनगांचे तुकडे, सागरी बर्फ आणि हिम यांचं जे दाटून बसलेलं मिश्रण असतं, त्याला ‘खच’ म्हणा. ‘मिसळ’ सुचेल, पण मग वाचक तर्री शोधायला लागेल.

शेवंती
‘खच’ पसंत. कोवळ्या बर्फाला तर स्वयंपाकघरातले शब्द चपखल बसतात. पाण्यात आधी सुया आणि कण तरंगतात, तो रवाळ बर्फ. ते वर जमून पाणी तेलकट, मंद दिसतं, तो तवंग. रश्श्यावर येतो तसाच. लाटा असतील तर पुढे गोल चकत्या होतात. इंग्रजीत त्या पॅनकेक, म्हणून कुणी ‘धिरडी’ लिहितं. पण चकत्या एकमेकींवर आपटून त्यांच्या कडा वर उचललेल्या असतात. धिरड्याला काठ नसतो, थाळीला असतो. म्हणून ‘थाळी बर्फ’. सुटा तरंगणारा सपाट तुकडा म्हणजे लादी. मासळीबाजारात सगळ्यांच्या तोंडी आहेच.

क्षारपड
एक सापळा: ‘फास्ट आइस’. यंत्रानुवादात याचा ‘जलद बर्फ’ होतो. इथे फास्ट म्हणजे घट्ट, किनाऱ्याला जखडलेला. ‘किनाराबद्ध बर्फ’ लिहा. त्याच लेखात अस्वलांचं ‘फास्टिंग’ही येतं, तो उपवास.
वलयी सीलबद्दल लिहिताना ‘बर्फ’ आणि ‘हिम’ वेगळे ठेवलेच पाहिजेत. ही सील पुढच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या नखांनी बर्फ खरवडून श्वासाचं भोक उघडं ठेवते. भोक बर्फात, पण पिलासाठीचं बीळ त्या बर्फावर साचलेल्या हिमात. हिम कमी पडलं किंवा वसंतात पाऊस झाला, तर छप्पर बसतं आणि पिल्लू उघड्यावर येतं, खाली बर्फ जाडजूड असला तरी. ‘बर्फातलं बीळ’ लिहिलंत की हे कारण वाचकाला कळणारच नाही.

शेवंती
आणि नारव्हाल या उत्तर ध्रुवाकडच्या देवमाशाला ‘शिंग’ नको. नराच्या वरच्या जबड्यातला डाव्या बाजूचा दात ओठातून बाहेर वाढतो, पीळ घेत अडीच मीटरच्याही पुढे जातो. आपल्याकडे ‘सुळा’ आयता आहे.

उदधी
सागरी बर्फ किती पसरलाय हे सांगणाऱ्या ‘एक्स्टेंट’ आणि ‘एरिया’ यांचं काय? दोन्हीकडे ‘क्षेत्र’ चालेल?

मीठभाकर
अजिबात नाही. ‘विस्तार’ आणि ‘क्षेत्रफळ’. उपग्रहाच्या नकाशातला २५ बाय २५ किलोमीटरचा चौकोन घ्या, म्हणजे ६२५ चौरस किलोमीटर. त्यात २० टक्के बर्फ असेल तर विस्तारात सगळे ६२५ मोजतात, कारण अट फक्त किमान १५ टक्क्यांची आहे. क्षेत्रफळात धरतात १२५. उन्हाळ्यात बर्फावर वितळपाण्याची डबकी साचतात आणि उपग्रहाला ती मोकळ्या समुद्रासारखी दिसतात, त्यामुळे क्षेत्रफळ खरं असतं त्याहून कमी येतं. दोन आकडे एकाच शब्दाखाली टाकलेत तर बर्फ एका ओळीत आटतो आणि पुढच्या ओळीत फुगतो.

क्षारपड
तारखांचंही तेच. हॅरी स्टर्न आणि लेड्रे यांनी २०१६ मध्ये अस्वलांच्या १९ उपगटांच्या प्रदेशांसाठी बर्फ हटण्याचा दिवस ठरवला तो असा: बर्फाच्या क्षेत्रफळाची मार्चची सरासरी आणि सप्टेंबरची सरासरी यांच्या मधोमध एक पातळी धरायची, आणि वसंतात बर्फ तिच्याखाली उतरला तो दिवस. हा दिवस दर दशकाला ३ ते ९ दिवस अलीकडे सरकतोय. याला ‘बर्फ वितळण्याचा दिवस’ म्हणू नये. त्या दिवशी निम्मा बर्फ शिल्लक असू शकतो, आणि काही बर्फ न वितळता वाऱ्याने नुसता वाहून गेलेला असतो. ‘बर्फ ओसरण्याचा दिवस’ कसं वाटतं?

शेवंती
ओसरणे बरोबर. पुरासारखं, पाणी कुठे गेलं ते शब्द सांगत नाही, आणि इथे सांगायचंही नाही.