उपसलेला विषारी गाळ: धुवायचा की गाडायचा?

दर्यावर्दी: मिनामाताच्या खाडीतला पाऱ्याचा गाळ जपानने १९७७ ते १९९० या काळात 'साफ' केला. म्हणजे काय केलं? २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) वर पारा असलेला गाळ उपसून पोलादी भिंतींच्या आड टाकला, वर स्वच्छ माती पसरली. ५८ हेक्टर जमीन तयार, खर्च ४८.५ अब्ज येन. पारा आहे तिथेच! त्यापेक्षा जर्मनीतलं हॅम्बुर्ग बघा. १९९३पासून बंदरातला गाळ 'मेथा' कारखान्यात धुतात. स्वच्छता म्हणावी तर ही.

आगाऊ कार्टं: धुतात म्हणजे काय, तेही सांगा की. हायड्रोसायक्लोनमध्ये गाळ गरगर फिरवतात, वाळू खाली बसते, बारीक माती पाण्याबरोबर वरून निघते. जड धातू मुख्यतः या बारीक मातीलाच चिकटलेले. तिचं पाणी पिळून जी वडी उरते, ती शेवटी पुरावीच लागते ना? विष तेवढंच, ढीग लहान.

दर्यावर्दी: ढीग लहान होणं ही काय कमी गोष्ट आहे? पुरायला जागा कुठे फुकट मिळते! वाळू कामाला येते ती वेगळीच.

खाडीकाठचा केमिस्ट: मी गाडण्याच्या बाजूचा. बंदरातला गाळ काळाकुट्ट असतो, कारण आत ऑक्सिजन नाही. कॅडमियम, जस्त हे धातू गंधकाशी जोडून सल्फाइड होऊन अडकलेले असतात. बादलीभर गाळ उघड्यावर ठेवून बघा, वरचा थर तपकिरी पडायला लागतो. हवेने सल्फाइड मोडतं, धातू सुटे होतात. रॉटरडॅम बंदराचा स्लुफ्टर (गाळ साठवायचा मोठा खड्डा, १९८७) म्हणूनच मला पटतो: गाळ पाण्याखालीच ठेवायचा, हवा लागू द्यायची नाही.

शंकासुर: एवढी चर्चा कशाला? भट्टीत घाला.

खाडीकाठचा केमिस्ट: पीसीबीसारखं विषारी सेंद्रिय रसायन जळेल. कॅडमियम कसं जाळणार? पाऱ्याची वाफ होईल, ती पकडत बसा.

दर्यावर्दी: स्लुफ्टर एक वेळ मान्य. पण मिनामाताचं पोलाद खाऱ्या पाण्यात, तेही भूकंपाच्या देशात. पुढच्या पिढ्यांनी किती वर्षं राखण करायची?

आगाऊ कार्टं: राखण वडीचीही करावीच लागते, साहेब. हॅम्बुर्गला एल्बे नदीतून विष येतं ते पार चेक हद्दीपासून. धुण्याचा पैसा तिकडची गळती बुजवायला घाला.

दर्यावर्दी: आणि तोवर जहाजं काय चिखलात रुतवून ठेवायची?