जपानची मशीन वाळूजला येते, मग आमचा केसर आंबा टोकियोला का जात नाही?

बालाघाटचा बागवान (अंबाजोगाई)

राम राम मंडळी. प्रश्न अडाण्याचा वाटला तर वाटू द्या.

आमची तीन एकर केसर आंब्याची बाग आहे. यंदा व्यापाऱ्यानं बागेत येऊन ७० रुपये किलोनं माल उचलला, बारीक फळ अर्ध्या भावात. धाकटा भाऊ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आहे, दोन भागीदार घेऊन छोटं वर्कशॉप चालवतो. त्यानं गेल्या साली जपानी सीएनसी लेथ घेतली, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, धातूचे भाग कातणारं मशीन. पूजेला मी गेलो होतो. नारळ फोडता फोडता तो सांगत होता, की भारत-जपान व्यापार करार असल्यानं मूळ आयातशुल्क लागलंच नाही. मशीन जपानची असल्याचा तिकडचा दाखला जोडला, की काम झालं.

मी म्हटलं, मग हाच करार माझ्या आंब्याला का लागत नाही? तर भाऊ हसायला लागला. बायकोही हसली. पण उत्तर दोघांकडंही नव्हतं.

कंटेनर मास्तर (शेंद्रा)

बागवान दादा, हसण्यासारखं काही नाही त्यात. मी एकोणीस वर्षं आयात-निर्यातीची कागदपत्रं करतो. करार तुमच्या आंब्यालाही लागू आहे, पण तुमचं घोडं ड्युटीवर, म्हणजे आयातशुल्कावर, अडलेलंच नाही. ते अडलंय फळमाशीवर.

जपाननं १९८६ साली भारतीय आंबा बंद केला. कारण फळमाशी. तो परत सुरू झाला थेट २००६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. तेव्हा मोजक्या सहा जातींना दार उघडलं, त्यात हापूसबरोबर तुमचा केसरही होता. अट अशी, की फळ गरम वाफेच्या खोलीत ठेवायचं, पार कोयीजवळचा गर ४७.५ अंशांवर न्यायचा आणि वीस मिनिटं तसाच राखायचा. आत अंडी, अळी असली तर मरते. हे करणारं पणन मंडळाचं केंद्र आहे वाशीला. म्हणजे अंबाजोगाईहून रात्रभर गाडी, मग वाफ, मग विमान. मूळ फळ ७० रुपयांचं, त्यावर एवढं सगळं चढवा. या हिशोबात जपानची ड्युटी शोधायला भिंग लागेल.

आता भावाच्या मशीनचं बघा. लेथला माशी लागत नाही! तिच्यापुढं एकच भिंत होती, आपल्या आयातशुल्काची. १ ऑगस्ट २०११ ला करार लागू झाला आणि ती टप्प्याटप्प्यानं उतरली.

जाता जाता एक गंमत. २००७ साली अमेरिकेनं आपला आंबा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा बोलणी कशाच्या बदल्यात झाली माहितीय? हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना आपल्याकडं वाट द्यायची म्हणून. आंबा आणि फटफटी एकाच टेबलावर. आमच्या वाळूजमध्ये बजाजच्या गाड्या जुळवणाऱ्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

सौ. कळंबकर (शेतकरी कंपनी, कळंब)

मास्तर माशीचं बोलले, आता औषधाचं ऐका. हे आमच्या अंगावरून गेलंय.

तीन वर्षांमागं आमच्या गटानं मुंबईच्या एका निर्यातदाराला दोन टन केसर द्यायचं ठरवलं. वजनात न बसणारं, डाग असलेलं फळ पॅकहाऊसमध्येच बाजूला पडलं. ते आम्ही धरूनच चाललो होतो. उरलेल्या मालाचा नमुना लॅबला गेला आणि तिथं एका कीटकनाशकाचा अंश निघाला. तुडतुड्यासाठी मोहोरावर मारलेलं. आपल्याकडं ते सर्रास चालतं. पण ज्या औषधाची मर्यादा जपाननं त्या फळासाठी वेगळी ठरवलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ पीपीएम लागतं. म्हणजे दहा लाख किलो आंब्यात दहा ग्रॅम! २००६ पासून त्यांचा हा नियम आहे.

दोष कुणाला द्यायचा? ज्यानं फवारलं त्याच्या वहीत तारीखच नव्हती. सगळा माल लातूरच्या बाजारात गेला, तोही दोन दिवस उशिरा. तेव्हापासून आमच्याकडं वही हाच नियम. फवारणी कुणी केली, कोणतं औषध, किती, कधी. बायकाच लिहितात, गडी माणसं विसरतात.

निवृत्त प्राध्यापक (लातूर)

थोडे आकडे देतो. कराराआधी, २०१०-११ मध्ये, आपली जपानला निर्यात ५ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि आयात साडेआठच्या. २०२३-२४ मध्ये निर्यात पाचच्याच आसपास, आयात मात्र १७ अब्जांच्या वर. कारण उघड आहे. कारखानी मालावरचे जपानचे कर आधीच नगण्य होते, वाहनांच्या सुट्या भागांवर तर शून्य. त्यांना सोडायला फारसं काही नव्हतंच. सोडलं ते आपण.

तरी या व्यापारतुटीवर छाती बडवणाऱ्यांत मी नाही. आयात झालेली लेथ इथं रोजगार देते. मारुतीची फ्रॉन्क्स गाडी २०२४ पासून इथून जपानला जाते, हे वीस वर्षांपूर्वी मी वर्गात सांगितलं असतं तर मुलांनी बाकं वाजवली असती.

कंटेनर मास्तर

सर, फ्रॉन्क्स पाठवणारी कंपनी मुळात सुझुकीचीच. जपाननं स्वतःच्या पोराचा माल घेतला, असं म्हणा की! बागवान दादांचा माल घेतील तेव्हा मी बाकं वाजवीन.

निवृत्त प्राध्यापक

मान्य. पण त्या गाडीचे सुटे भाग दादांच्या भावासारखेच लोक करतात, तेवढं तरी खात्यावर जमा धरा.

बालाघाटचा बागवान

सगळ्यांचे आभार. भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, मशीनचं एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलंय, जपानहून मागवलंय, ९० हजार. मी बसल्या बसल्या हिशोब केला. माझ्या ७० रुपयांच्या दरानं जवळपास तेरा क्विंटल केसर झाला की हो! हाताएवढ्या हिरव्या पत्र्यासाठी. बायको परत हसली, पण या वेळी जरा कमी.

टोकियो राहू द्या सध्या. कळंबकर ताई, तुमची वही कशी आखलीय त्याचा फोटो टाकता का? आणि फळमाशीचे कामगंध सापळे, ते वासानं नर माशी ओढणारे, एकरी किती लावता? आम्ही तीन एकरांत मिळून दोन टांगलेत.

सौ. कळंबकर

दोन? मग माशा पाहुण्याच आहेत तुमच्याकडं. एकरी चार लावा, फळ सुपारीएवढं झालं की लगेच. फोटो संध्याकाळी टाकते, वही गोडाऊनला आहे.