मदत हवी आहे: धंदा वाढलाय, पण मालकी जमत नाहीये

रंधा

मंडळी, नमस्कार. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळचा कारागीर, लाकडी फर्निचर बनवतो. ६ वर्षांपूर्वी एकट्याने सुरुवात केली, आज हाताखाली ९ माणसं आहेत. काम इतकं येतं की ऑर्डर नाकाराव्या लागतात. तरीही पगाराची तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. हिशोबनीस म्हणतो, गेल्या वर्षी चांगला नफा झाला. कागदावर दिसतोही. मग तो गेला कुठे?

दुसरं म्हणजे, माझ्यावाचून पान हलत नाही. परवा दोन तास बाहेर होतो. आलो तर तिघे हातावर हात ठेवून बसलेले, कारण पॉलिशची छटा कोणती ते मी सांगायचं राहिलं होतं. दिवसभर हेच. बिलं लिहायला रात्री बसतो आणि बसल्या बसल्या डोळा लागतो.

तिसरी गोष्ट लिहायला लाज वाटते. पहिल्यापासून सोबत असलेला एक कारागीर हल्ली काम बिघडवतोय. लागोपाठ दोन कपाटं परत आली. त्याला बोलायला माझी जीभच रेटत नाही.

व्यवस्थापनाविषयी थोडं वाचलं. आंरी फायोल या फ्रेंच खाण अभियंत्याने १९१६ साली मांडलेली पाच कार्यं पाठ झाली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण. पण सोमवारी सकाळी शटर उघडल्यावर त्यातलं नेमकं काय करायचं, ते उमगत नाही. मालकाने स्वतःच करायला हवीत अशी कामं कोणती आणि सोडून द्यायची कोणती?

खतावणी

तुमचा नफा कुठे गेलेला नाही. थोडा लाकडाच्या थप्पीत आहे, थोडा गिऱ्हाइकांच्या खिशात.

तीन आकडे काढा. लाकूड आल्यापासून तयार माल बाहेर पडेपर्यंत किती दिवस जातात? माल गेल्यापासून पैसे यायला किती? आणि लाकूडवाला तुम्हाला किती दिवसांची उधारी देतो? समजा ४५, ६० आणि ३०. पहिले दोन मिळवा, तिसरा वजा करा. ७५ दिवस. म्हणजे लाकडाचे पैसे दिल्यावर ते परत हातात येईपर्यंत अडीच महिने धंदा तुमच्या खिशातून चालतो. ऑर्डरी वाढल्या की खड्डाही वाढतो. म्हणून भरभराटीतच पैशांची जास्त ओढाताण होते, हे नवख्याला पटत नाही. (मलाही पटलं नव्हतं. पटेपर्यंत डोक्यावर कर्ज झालं होतं.)

आता उपाय. येणं बाकीची यादी करा, चार रकाने पाडा: ३० दिवसांपर्यंतचं, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढचं. शेवटच्या रकान्यातल्यांना आजच फोन. मापाप्रमाणे बनवून देता ना? मग आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय लाकूड कापायचं नाही. आणि पुढच्या १३ आठवड्यांचा तक्ता मांडा, प्रत्येक आठवड्यात किती येणार, किती जाणार. दर सोमवारी तो सुधारायचा. शटर उघडल्यावर काय करायचं विचारलंत ना, हे करायचं. पगाराला पैसे कमी पडणार हे दीड महिना आधी दिसलं तर काहीतरी हालचाल करता येते.

नफा-तोटा पत्रक वर्षातून एकदा बघणं म्हणजे वरातीमागून घोडं.

अर्धविराम

खतावणींशी सहमत, पण एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलंय. ऑर्डर नाकारताय, तर मग दर का वाढवत नाही? १०० ला विकलेल्या वस्तूचा माल-मजुरीचा खर्च ८० असेल, तर उरतात २०. दर १०५ केला की २५ उरतात. पाचातलं एक गिऱ्हाईक निघून गेलं तरी एकूण शिल्लक तेवढीच, आणि काम कमी. दर ठरवणं हे मालकाचंच काम. ते टाळलं की त्याची भरपाई रात्री जागून करावी लागते.

बाकी छटेचं म्हणाल तर तो दोष कामगारांचा नाही. सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही हे त्यांना तुम्हीच शिकवलंय. ऑर्डर घेतानाच माप, लाकूड, छटा, तारीख एका कागदावर लिहा, गिऱ्हाइकाची सही घ्या आणि तो कागद कामाबरोबर फिरू द्या. एकाला मुकादम करा. अमुक रकमेपर्यंतची खरेदी आणि दिवसाची कामवाटणी त्याने ठरवायची. चुकेल तो. चुकू द्या. तुम्ही मधेच जाऊन निर्णय फिरवलात तर दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा तुमच्या दारात.

खतावणी

मुकादमाला खरेदी द्या, पण पैसे देणं आणि वहीत लिहिणं एकाच माणसाकडे नको. तळं राखील तो पाणी चाखील. यात कुणावर संशय नाही, चूक पकडायला दुसरी नजर लागतेच. बँकेचा उतारा मात्र स्वतः उघडायचा आणि वहीशी ताडायचा. कितीही मोठे झालात तरी.

रंधा

दोघांचेही आभार. यादी करायला बसलो आणि घाम फुटला. निम्म्याहून जास्त येणं फक्त दोन गिऱ्हाइकांकडे अडकलंय. त्याहून वाईट म्हणजे ११ कामं अशी सापडली, जी पोचवून महिना झाला आणि मी बिलच पाठवलेलं नाही. लोक पैसे बुडवतात म्हणून इतके दिवस कुरकुरत होतो.

आता वसुलीसाठी असं डोक्यात आहे: मुदत ३० दिवसांची, पण १० दिवसांत पैसे देईल त्याला २ टक्के सूट. बरोबर आहे का?

अर्धविराम

करून बघा गणित. २० दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून ९८ वर २ सोडताय. वर्षाच्या हिशोबाने हे व्याज ३७ टक्क्यांच्या घरात जातं. बँक याहून स्वस्तात देईल. आधी ती ११ बिलं पाठवा, सूट कसली देताय!

आणि त्या जुन्या कारागिराचं काय झालं? तो भाग तुम्ही गाळलात.

रंधा

मुद्दामच गाळला होता. काल शेवटी दार लावून बसलो त्याच्याबरोबर. ती दोन्ही कपाटं समोर ठेवली आणि काय झालं एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, जवळचं नीट दिसत नाही, सहा महिने झाले. काम जाईल म्हणून बोलला नाही. चष्म्यासाठी डोळे तपासायला उद्या त्याच्यासोबत मीच जातोय. मुकादमकीसाठीही त्याचंच नाव डोक्यात येतंय, पण ते चष्मा आल्यावर महिनाभर काम बघून ठरवीन.

बिलं ११ पैकी ७ गेली. उरलेली आज रात्री.