झाड नसलेल्या माळावरचा आवाज : केसी चेंबर्सला घडवलं कोणी?

माळरानी

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही ॲडलेडहून पर्थला गाडीने गेलो. वाटेत नलारबोर लागतं. या लॅटिन नावाचा अर्थच 'एकही झाड नाही' असा. दोन लाख चौरस किलोमीटरचा चुनखडीचा सपाट माळ, आणि त्यातून जाणारा हमरस्ता एका टप्प्यात जवळजवळ १४७ किलोमीटर वळतच नाही. अंधार पडल्यावर एका थांब्यावर आम्ही इंजिन बंद केलं. माझी नऊ वर्षांची मुलगी गुणगुणत खाली उतरली आणि दोन पावलांवर गप्प झाली. "आई, माझा आवाज कुठे जातोय?" खरंच, आवाज परत येतच नव्हता. ना भिंत, ना डोंगर, ना झाड.

त्या रात्रीपासून केसी चेंबर्स मला वेगळीच ऐकू येते. ज्यांनी तिला ऐकलं नसेल त्यांच्यासाठी : ही ऑस्ट्रेलियातली कंट्री गायिका (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकगीतांतून आलेलं संगीत), जन्म १९७६, माउंट गँबियरचा. ती तान्ही असतानाच आईवडील तिला आणि थोरल्या नॅशला घेऊन याच माळावर राहायला गेले. वडील बिल कोल्ह्यांची शिकार करून कातडी विकायचे. वर्षातले कितीतरी महिने संसार गाडीत. टीव्ही नाही, शेजार नाही. रात्री शेकोटीभोवती वडील गिटार घ्यायचे आणि सगळं घर गायचं. ती नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत हे असंच चाललं. त्याच मुलीचं 'नॉट प्रिटी इनफ' २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत तिने तिथल्या नामवंत गायिका लुसिंडा विल्यम्ससोबत दौरे केले.

माझं मत सरळ आहे. हा आवाज माळाने घडवला. तो बारीक आहे, थोडा नाकातला आहे, मध्येच चिरतो, आणि तो चिरलेला भाग ती झाकत नाही. कारण तिने गाणं शिकलं ते अशा ठिकाणी, जिथे आपला आवाज कसा वाटतो हे सांगायला कोणीच नव्हतं. शहरात वाढली असती तर पहिल्याच शिक्षिकेने तो 'सुधारला' असता.

रेडिओवेडा

प्रवासाचं वर्णन सुंदर, पण मत अजिबात पटलं नाही.

शेकोटीभोवती ते काय गात होते? हँक विल्यम्स, कार्टर फॅमिली, ग्रॅम पार्सन्स, एमिलू हॅरिस. सगळी अमेरिकी कंट्री मंडळी, म्हणजे टेनेसी, व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया. नलारबोरचं त्यात काय होतं? होता तो बिल चेंबर्सचा कान. काय ऐकायचं आणि काय नाही, हे ज्या माणसाला नेमकं कळत होतं, त्याच्या मांडीवर ती वाढली. तोच बाप मेलबर्नच्या एखाद्या उपनगरातल्या दोन खोल्यांत राहिला असता तरी केसी गायिका झालीच असती.

दुसरं, तुमच्या गोष्टीत दहाव्या वर्षावरून एकदम २००२ येतं. मधली वर्षं कुठे गेली? माळावरून कुटुंब साउथएंड या मासेमारीच्या गावात परतलं. १९९२ मध्ये चौघांनी मिळून डेड रिंगर बँड काढला. आईवडील आणि दोन मुलं, एक गाडी, आणि गावोगावचे पब. समोर बिअर पिणारी, गप्पा मारणारी माणसं. सहा वर्षं हे केलं. १९९५ मध्ये त्यांच्या 'होम फायर्स' या अल्बमला एरिया (ऑस्ट्रेलियन संगीत उद्योगाचा) पुरस्कार मिळाला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. १९९९ मध्ये तिचा पहिला एकल अल्बम 'द कॅप्टन' आला तेव्हा समीक्षकांना वाटलं की ही मुलगी अचानक कुठून आली. अचानक काही नव्हतं. त्या गायिकेच्या मागे शेकडो रात्री होत्या.

माळरानी

@रेडिओवेडा, पब सगळ्याच करतात हो. त्या देशात पबमध्ये न गाता पुढे आलेला गायक शोधावा लागेल. मग प्रत्येकीचा आवाज असा का होत नाही?

रेडिओवेडा

कारण प्रत्येकीला असा बाप नसतो. आणि असा भाऊ नसतो. नॅशने तिचे अल्बम निर्माता म्हणून उभे केले. जो चिरलेला आवाज तुम्हाला माळाची देणगी वाटतो, तो मिक्सिंगच्या टेबलावर जसाच्या तसा ठेवायचा की गुळगुळीत करायचा, हा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. तो घेणारा तिच्यासोबत वाढलेला होता. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

दक्षिणवारा

मी दोन वर्षं सेदुना भागात नर्स होते. त्या बाजूने निघालं की माळ सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं मोठं गाव ते. माळरानीताई, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. पण एक सांगते. तो माळ रिकामा नाही.

सेदुनाच्या पश्चिमेला, त्याच हमरस्त्यालगत, यलाटा आहे. तिथले अनांगू हे मूलनिवासी लोक मुळात उत्तरेकडच्या वाळवंटातले. १९५२ मध्ये ऊल्डी इथलं मिशन बंद झालं आणि त्यांना दक्षिणेला यलाटाला आणलं गेलं. नंतर त्यांच्याच मुलुखात, मरालिंगाला, ब्रिटनने १९५६ ते १९६३ या काळात अणुचाचण्या केल्या. माझ्या वॉर्डात यायच्या त्या म्हाताऱ्या बायका कोणत्या पाणवठ्यावरून आपले आजोबा कुठे गेले हे सांगताना मध्येच गायला लागायच्या. अगदी हळू, श्वासाबरोबर. त्या गाण्यात वाट असते, पाणी असतं, नाती असतात. त्या माळाने घडवलेला आवाज म्हणायचं तर तो आहे.

केसीवर माझा काहीच राग नाही. ती मला आवडते. एक गोरी मुलगी तिथे दहा वर्षं वाढली, तर जगाला ती 'निर्जन वाळवंटातून आलेली गायिका' वाटते. त्याच मातीत हजारो वर्षं गाणाऱ्यांना मात्र रंगमंचापर्यंतची वाट कोण देतो?

रेडिओवेडा

@दक्षिणवारा, पूर्ण अनुमोदन. एवढंच जोडतो की वाट काहींनी काढली. जिमी लिटल या मूलनिवासी गायकाचं 'रॉयल टेलिफोन' १९६३ मध्ये तिकडे प्रचंड गाजलं होतं. आणि मूलनिवासी गायक गुरुमुल : उत्तरेकडच्या एल्को बेटावरचा, जन्मांध, २००८ चा त्याचा पहिला एकल अल्बम बहुतांश त्याच्या योल्ङू लोकांच्या भाषांमध्ये. ते शब्द न कळणाऱ्या युरोपातल्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. २०१७ मध्ये तो अवघा ४६ वर्षांचा असताना गेला. गावाकडून जगाच्या रंगमंचावर आपली भाषा न सोडता कसं जायचं हे शिकायचं असेल, तर माझ्या लेखी तो केसीच्या कितीतरी पुढे आहे.

माळरानी

दक्षिणवारा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'कोणीच नव्हतं' हे मी लिहिलं ते चुकीचं होतं. केसीच्या कुटुंबाच्या शेकोटीपाशी कोणी नव्हतं, एवढंच मला म्हणता येतं.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. रेडिओवेडा म्हणतात, गाणी अमेरिकेची होती. कबूल. पण हँक विल्यम्सचं गाणं नॅशव्हिलच्या, म्हणजे अमेरिकी कंट्रीच्या राजधानीतल्या, मुलीने गाणं आणि ज्या मुलीने नॅशव्हिल पाहिलेलंच नाही, दुसरं मूल पाहायलाही जिला शेकडो किलोमीटर जावं लागतं, तिने गाणं, यात फरक आहे. पहिलीसाठी ती परंपरा असते, दुसरीसाठी सोबत. ते एकटेपण तिच्या प्रत्येक गाण्यात आहे.

तिसरीपट्टी

उच्चारांबद्दल कोणीच बोललं नाही. मला तिच्यातली हीच गोष्ट खटकते. ऑस्ट्रेलियाचा जुना कंट्री गायक स्लिम डस्टी ऐका. केम्प्सीजवळच्या दुभत्या गुरांच्या फार्मवर वाढलेला माणूस, त्याचं 'अ पब विथ नो बिअर' १९५९ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या तिनात गेलं, आणि शब्द अन् शब्द ऑस्ट्रेलियन! २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात तो 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' गायला तेव्हा सगळं स्टेडियम गात होतं. केसी मात्र गायला लागली की अर्धी अमेरिकन होते. बोलताना अशी बोलत नाही. मग माती कुठे राहिली?

माळरानी

तिने लहानपणी गाणं म्हणून जे ऐकलं ते त्याच उच्चारांत. गाण्याची भाषा तिच्यासाठी तीच होती. दहा वर्षांच्या मुलीने ठरवून केलेली नक्कल नाही ती.

नवासूर

ताई, काका, तुम्ही सगळे एका संपलेल्या जगाबद्दल भांडताय असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ऑस्ट्रेलियातला टॅमवर्थचा कंट्री महोत्सव १९७३ पासून आहे, दर जानेवारीत तिथे गोल्डन गिटार पुरस्कार देतात, सगळं मान्य. पण आज ती शिडी कोणाला लागते? टोन्स अँड आय ही गायिका बघा. मॉर्निंग्टन द्वीपकल्पावरची मुलगी, दुकानातली नोकरी सोडली, बायरन बेला जाऊन व्हॅनमध्ये राहिली आणि रस्त्यावर कीबोर्ड मांडून गायली. ट्रिपल जे रेडिओच्या अनअर्थ्ड या नव्या कलाकारांसाठीच्या साइटवर गाणी चढवली. मे २०१९ मध्ये 'डान्स मंकी' आलं : ऑस्ट्रेलियात २४ आठवडे पहिलं, ब्रिटनमध्ये ११ आठवडे पहिलं. ना शेकोटी, ना घरातला बँड. केसीला आंतरराष्ट्रीय म्हणायचं तर हिला काय म्हणाल? केसीचं गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीच्या जवळपासही कधी गेलं नाही.

रेडिओवेडा

@नवासूर, तुझं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. रस्त्यावर गाणं म्हणजे पबपेक्षा कठीण परीक्षा. पबमधला माणूस निदान ग्लास संपेपर्यंत बसतो, रस्त्यावरचा तीन सेकंदांत पुढे निघतो. त्याला थांबवायचं तर गाण्याचा मुखडा कसा हवा, हे ती तिथेच शिकली. थांबून 'आणखी एक, आणखी एक' म्हणणाऱ्या गर्दीवरच तर 'डान्स मंकी' लिहिलंय.

आणि रेडिओची शिडी तेव्हाही आपोआप मिळत नव्हती. 'नॉट प्रिटी इनफ' प्रेमभंगाचं गाणं वाटतं, पण त्यामागे व्यावसायिक रेडिओ तिला वाजवत नाही ही खंत होती. 'मी पुरेशी सुंदर नाही का' हा प्रश्न त्या स्टेशनांना होता. मग तेच गाणं त्यांना दिवसभर वाजवावं लागलं. मी स्वतः लहान केंद्रावर काम केलंय. कोणता आवाज 'आपल्या श्रोत्यांना चालणार नाही' हे गाणं पूर्ण न ऐकताच ठरवणारी माणसं मी शेजारच्या खुर्चीत बघितली आहेत. त्यामुळे त्या गाण्याच्या पहिल्या ओळीला अजूनही माझा घसा दाटतो.

नवासूर

हे माहीत नव्हतं काका. ते गाणं आज परत ऐकतो. पण आकड्यांचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

दक्षिणवारा

आकड्यांचं मी देते. वॉर्डात रात्रपाळीला ट्रक ड्रायव्हर यायचे. पर्थ-ॲडलेड करणारे. त्यातल्या एकाकडे 'द कॅप्टन'ची सीडी होती, कव्हर पार झिजलेलं. तो म्हणाला, या रस्त्यावर रात्री दोन वाजता हीच लागते. एवढंच. कोणी किती आठवडे पहिली होती हे तो मोजत नव्हता.

रेडिओवेडा

माळरानीताई, एक विनंती. 'द कॅप्टन' बाजूला ठेवा आणि 'होम फायर्स' ऐका. तिथे ती कुटुंबाच्या बँडमध्ये गाते. मग सांगा, माळ ऐकू येतो की घर.

माळरानी

ऐकलं. दोन रात्री ऐकलं, मुलगी झोपल्यावर, हेडफोन लावून.

वडिलांसोबत गाताना ती त्यांच्या आवाजाला आधी जागा देते आणि मग स्वतःचा सूर त्याच्या कडेला ठेवते. हे शिकवून येत नाही, रोज एकाच माणसाशेजारी बसून गाऊन येतं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. तो कान घरातलाच आहे.

पण रेडिओवेडा, ती शेवटचा सूर सोडते तो बघा. ओढून धरत नाही, सजवत नाही. तो परत येणार नाही हे ठाऊक असल्यासारखी सोडून देते. हे तिला बिलने शिकवलं असं मला नाही वाटत.

रेडिओवेडा

मला वाटतं, शिकवलं असेल. पण आज रात्री पुन्हा एकदा तेवढंच ऐकतो.