व्हर्सायचं खापर फक्त नुकसानभरपाईवर नको

नेहमी म्हटलं जातं की पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात जर्मनीवर लादलेल्या नुकसानभरपाईमुळेच हिटलर आला. मला हे अर्धंच पटतं. १९२१ मध्ये १३२ अब्ज गोल्ड मार्क ठरले खरे, पण १९२४ च्या डॉज प्लॅननंतर (भरपाईचे हप्ते सोपे करणारी योजना) अमेरिकन कर्जावर जर्मनी सावरत होता आणि १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं किती, तर २.६ टक्के! मग जागतिक मंदी आली, कर्ज आटलं, आणि १९३० मध्ये तीच मतं १८ टक्क्यांवर गेली. तहाने जखम दिली हे मान्यच, पण ती चिघळली मंदीत.

मला जास्त लागतं ते वेगळंच. स्वयंनिर्णयाच्या, म्हणजे प्रत्येक राष्ट्राने आपलं भवितव्य स्वतः ठरवण्याच्या, एवढ्या गप्पा झाल्या आणि चीनच्या शांडोंग प्रांतातले जर्मनीचे हक्क चीनला परत न देता सरळ जपानला देऊन टाकले, चीन तर दोस्तांच्याच बाजूने होता ना? ४ मे १९१९ ला बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, चीनने तहावर सही केलीच नाही. आपल्या टिळकांनाही पॅरिसच्या शांतता परिषदेला जायला पासपोर्ट मिळाला नाही, शेवटी त्यांनी लंडनहून परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमेन्सोंना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. व्हर्सायची चर्चा जर्मनीवरच संपते, या लोकांचं काय झालं ते कुणी विचारतच नाही.