मदत हवी आहे: माकडतापाच्या पोस्टरवर काय लिहू म्हणजे काजूवाले वाचतील?

रानवाट:
नमस्कार मंडळी. आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला. 2015 साली तालुक्यात माकडताप, म्हणजे रानातली गोचीड चावून येणारा ताप, आला, पाठोपाठ पलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्गातही. तेव्हापासून उन्हाळा आला की धास्ती असतेच. यंदा आमच्या मंडळातर्फे पोस्टर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला एक ऑडिओ करायचाय. मजकूर माझ्या गळ्यात पडलाय.

आजवरची पोस्टरं एकच सांगतात, ‘रानात जाऊ नका’. या तापाचा जोर डिसेंबर ते मे, आणि ऐन त्यातच काजू. बोंडू (काजूची फळं) वेचायला डोंगरावर गेलं नाही तर फेणीची भट्टी कशी पेटणार? लोक पोस्टरखाली उभे राहून बसची वाट बघतात आणि त्याच बसने रानात जातात.

दुसरं म्हणजे मंडळाच्या पोरांना मोठं मेलेलं माकड आणि कवटी छापायचीय. मला पटत नाही. चावते ती गोचीड, तीही बहुतेक पिल्लू, तिळाहून बारीक. माकड बिचारं आपल्यासारखंच आजारी पडून मरतं. आधीच नारळ-केळी नासतात म्हणून माकडांवर राग. चित्र बघून दगड घेऊन निघतील. नाहीतर ‘आमच्याकडे कुठे माकडं मेली?’ म्हणून निर्धास्त राहतील.

उलट काहीजण मेलेलं माकड दिसलं की हळदकुंकू लावून, नारळ ठेवून स्वतः पुरतात. त्यांना ‘हात लावू नका’ कसं सांगू? शिवाय ‘पूर्वी लसीच्या सुया दिल्या, आता का नाही?’ हा प्रश्न येणारच. त्याला पोस्टरवर उत्तर द्यावं का?

ओहोळ:
साथीच्या जनजागृतीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. भीती दाखवा, पण एकाच वाक्यात: शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. लगेच खाली जमेल ते सांगा. नुसती कवटी दिसली की माणूस ‘आपल्याला काही होत नाही’ म्हणून मोकळा होतो. चित्र गोचिडीचं घ्या, मोठं करून. लसीचं लपवू नका, लपवलंत की अफवा उठते. जुनी बंद झाली, नवीचं काम चालू आहे, एवढं ऑडिओत पुरे.

माडावयली:
माकडाचं पोस्टरवर नकोच, गावकाराच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्याच्या, तोंडून वदवा. ‘नमस्कार लांबून करा, पुढचं वन खातं बघेल.’ मानही राहतो. आणि वाचायला मराठी ठीक, पण ऑडिओ कोंकणीत करा हो, वाळपईत मराठी भाषण ऐकायला कोण थांबतंय! बाहेरचे मजूर असतील तर एक हिंदीत. पोस्टर बस स्टॉपवर नको, काजूबिया वजन करतात तिथे लावा. तिथे माणूस रांगेत असतो.

रानवाट:
वजनकाट्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! मसुदा असा:

‘काजूला जाताय? पूर्ण बाह्या घाला, पँट मोज्यात खोचा. आरोग्य केंद्रातलं गोचीड दूर ठेवणारं तेल हातापायांना लावा. पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर आधी गरम पाण्याने आंघोळ, कपडेही गरम पाण्यात. आठवडाभरात अचानक ताप, डोकं-अंग ठणकलं तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना रानात गेलो होतो हे सांगा. हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय, मजुरी जाईल म्हणून लोक ताप लपवतात. शनिवारी छपाईला देतोय, काही चुकत असेल तर त्याआधी सांगा.